दुकान कायमचे वाढवले

१

आमचं दुकान गेल्याची बातमी मला एका गिऱ्हाइकाने दिली, आणि तीही दुकानातच उभं राहून.

शटर वर होतं, दिवा लागलेला होता, मी एका कोऱ्या किल्लीवर कानस चालवत बसले होते. आमच्या मागच्या गल्लीत बँकेत काम करणाऱ्या एक बाई राहतात. त्या दारासमोरून पुढे गेल्या, थबकल्या आणि परत आल्या.

"अगंबाई! तुम्ही आहात?"

"आहे म्हणजे? मी कुठे जाणार?"

"नाही, फोनमध्ये तर..." असं म्हणत त्यांनी मला फोनच दाखवला. नकाशावर आमच्या दुकानाचं नाव होतं, बाबांनी तीस वर्षांपूर्वी पाटीवर रंगवलेलं. नावाखाली लाल अक्षरं होती: कायमचे बंद. आणि त्याखाली मालकाकडून म्हणून दोन ओळी:

'आमचे दुकान कायमचे वाढवले आहे. आजवरच्या लोभाबद्दल आभारी आहोत.'

"मागच्या आठवड्यात माझं दार ओढलं गेलं हो," बाई ओशाळून म्हणाल्या. "किल्ली आत, मी बाहेर. तुम्हालाच शोधलं, तर हे आलं. मग खाली जो पहिला दिसला त्याला बोलावलं. वाईटही वाटलं. फोन करून विचारणार होते, पण म्हटलं अशा वेळी काय बोलायचं?"

दुकान जिवंत असताना लोक सांत्वनाचे शब्द शोधत होते, आणि मी आत बसून माशा मारत होते. गेला पंधरवडा फोन वाजला नव्हता. मला आपलं वाटत होतं, लोक शहाणे झाले, किल्ल्या खिशात ठेवायला शिकले!

आमचा धंदा असा आहे की गिऱ्हाईक येतं ते संकटातून. पूर्वी दाराबाहेर अडकलेला माणूस शेजाऱ्याची बेल वाजवायचा आणि शेजारी म्हणायचा, चौकातल्या किल्लीवाल्याला बोलवा. आता हातात फोन असतो. माणूस जिन्यात उभा राहून फोनलाच विचारतो, जवळ कोण आहे, आणि फोन ज्याला जिवंत म्हणेल तोच जिवंत. आम्हाला त्याने पुरून टाकलं होतं.

आणि हे साधं नुकसान नव्हतं. बाबांची तब्येत बिघडल्यापासून ते दादाकडे राहतात आणि दुकान मी चालवते. मागच्याच आठवड्यात बाबांनी जाहीर केलं होतं की फोन येत नाहीत, गिऱ्हाईक नाही, तर जागा एका औषधवाल्याला भाड्याने देऊन टाकू. रविवारी सह्या व्हायच्या होत्या. म्हणजे या दोन ओळींनी माझं दुकान फोनमध्ये गेलंच होतं, रविवारी खरोखर जाणार होतं.

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि या खेपेला एका शब्दावर अडले. त्यात 'वाढवले' असं लिहिलं होतं.

आमच्या घरात दुकान कधी बंद होत नाही. संध्याकाळी शटर ओढताना बाबा म्हणायचे, "चला, दुकान वाढवलं." बंद हा शब्द त्यांना दुकानाच्या बाबतीत चालायचाच नाही. आजूबाजूची दुकानं बंद व्हायची, आमचं वाढायचं. माझ्या वयाची कितीतरी माणसं हा शब्द असा वापरतच नाहीत, ऐकला तर त्यांना वाटतं दुकान मोठं केलं. फोनवरची ती भाषा आमच्याच घरातली होती. म्हणजे गुन्हेगारही घरातला होता.

२

मी तडक दादाकडे निघाले होते. अर्ध्या रस्त्यात शहाणपण सुचलं, परत फिरले आणि आत्याला फोन करून दुकानात बोलावलं, कारण एकटी गेले असते तर मी काय बोलले असते याची मलाच खात्री नव्हती. मला घरात ठिणगी म्हणतात. किल्ली घासताना उडते तिच्यावरून म्हणतात, असं मी लोकांना सांगते. घरचे काय सांगतात ते वेगळं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत होती. ज्यांची गोदामं जळायची आणि ज्यांच्या गाड्या चोरीला जायच्या त्यांच्याकडे जाऊन ती चार गोष्टी विचारायची, आणि त्यातली बरीच गोदामं आपोआप न जळलेली निघायची. तिची एक खोड आहे. कुणाकडेही गेली की ती त्याच माणसाच्या खुर्चीत बसते. गुडघा दुखतो म्हणते. समोरचा आपल्याच खोलीत उभा राहतो आणि उभा माणूस, आत्या म्हणते, जरा जास्त बोलतो.

दुकानात येऊन ती माझ्या स्टुलावर बसली. मी उभी राहिले.

"हे पान उघडायची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. आणि बाबांच्या फोनवर."

"बाबांचा फोन कुणाकडे असतो?"

"दादाच्या घरी. बाबांना त्यावर बोलता येतं, लिहिता येत नाही. दादाच सगळं करून देतो. आत्या, दादाला हे दुकान पहिल्यापासून नकोय!"

"आणखी कुणाकडे?"

"साइटवाला होता. त्याला मी केव्हाच हाकललं."

"का हाकललंस ते नीट सांग."

मी सांगितलं. या महाशयांनी आमची वेबसाइट बनवली होती. त्यांच्या टेबलावरच्या भल्यामोठ्या पडद्यावर ती अशी दिसायची की बघत राहावं. फोनवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी, आणि दुकानाचा नंबर चित्रात रंगवलेला. दाराबाहेर अडकलेला माणूस त्या चित्रावर बोट दाबत बसायचा आणि फोन काही लागायचा नाही. मी म्हटलं, नंबर दाबला की लागला पाहिजे. आणि वर मोठ्या अक्षरांत लिही, 'दारात अडकलात? किल्ली आत राहिली?' कारण लोक फोनला तसंच विचारतात, आपण बोलतो तसं. तर तो नाक मुरडून म्हणाला, "मॅडम, हे प्रोफेशनल वाटत नाही," आणि त्याने लिहिलं, 'सर्वसमावेशक सुरक्षा उपाय'. आता जिन्यात घामाघूम झालेला कोणता माणूस फोनला म्हणेल, मला सर्वसमावेशक उपाय हवाय?

"आणि एकदा तर कहरच केला," मी म्हटलं. "बाबांनी त्याला संध्याकाळी फोनमध्ये बोलून निरोप पाठवला, 'दुकान वाढवलं, आता बोल.' दुसऱ्या दिवशी साइटवर हे ठळक अक्षरांत, 'आम्ही दुकान वाढवले आहे!' लोक विचारायला लागले, नवी जागा कुठे घेतलीत. शेवटी मी त्याला समजावलं, बाबा रे, वाढवलं म्हणजे बंद केलं. त्यानंतर महिन्याभरात त्याला रामराम ठोकला."

आत्या हसली नाही. तिने फोनवरच्या त्या दोन ओळी नाकाजवळ नेऊन वाचल्या आणि विचारलं, "ठिणगे, हे वाचून तुला काय वाटलं?"

"दादाचा गळा धरावा."

"ते सोड. वाचताना काही खटकलं नाही?"

"वाढवलं हा शब्द. तो घरचा आहे."

"शब्द घरचा आहे," आत्या म्हणाली आणि उठली. "चल, आधी तुझ्या दादाकडे. आणि तिथे तू गप्प बसायचंस."

३

मी गप्प बसले नाही.

दादा दातांच्या कवळ्या बनवतो. त्याच्या कामाच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ असते आणि फळीवर ओळीने जबडे मांडलेले असतात, सगळे आपल्याकडे बघून हसतात. आत्या त्याच्या खुर्चीत बसली. दादा एप्रनला हात पुसत उभा राहिला.

"तू लिहिलंस ना हे?" मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "बाबांच्या फोनवरून! मला सांगायची हिंमत नव्हती तर निदान..."

"मी?" दादा माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, मी पंधरा दिवसांपूर्वीच वाचलं ते. मला वाटलं बाबांनीच कुणाकडून तरी लिहून घेतलं. म्हटलं, म्हाताऱ्याने मनाची तयारी केलीय, आता आपण कशाला खपली काढा."

"म्हणजे वाचलंस आणि गप्प बसलास!"

"बसलो. आणि ठिणगे, एक ऐक. मला ते दुकान नकोय हे मी तुला तोंडावर सांगितलंय, जेवताना सांगितलंय, भांडून सांगितलंय. जे मी समोरून बोलतो ते पाठीमागून करायची मला गरज काय?"

त्याचा आवाज चिरकला होता. मी जबड्यांकडे बघायला लागले.

आत्याने एवढ्या वेळात एकच प्रश्न विचारला, तोही आठवल्यासारखा. "का रे, दुकान संध्याकाळी मिटलं तर आपण म्हणतो वाढवलं. आणि समजा कायमचं मिटलं, तर काय म्हणायचं?"

"हा काय प्रश्न झाला?" दादा म्हणाला. "गुंडाळलं म्हणायचं. उठलं म्हणायचं."

"बरं," आत्या म्हणाली. "चहा नको आम्हाला."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर घसरले. खून कुणी केला ते शोधायचं सोडून ही व्याकरण विचारत बसली होती! आत्याने लक्षही दिलं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर ती थांबली, तिने पर्समधून फोन काढला, तोंडाजवळ धरला आणि काकुळतीच्या आवाजात फोनला म्हणाली, "किल्ली आत राहिली हो, जवळ कोण आहे?"

फोनने लगेच उत्तर दिलं. पहिलं नाव आमच्या चौकातल्याच नव्या दुकानाचं होतं, ज्याच्या मालकाला मी चकचकीत म्हणते. आत्याने नावावर बोट ठेवलं आणि पान उघडलं. मोठी, ठसठशीत अक्षरं. खाली हिरवं बटण.

'दारात अडकलात? किल्ली आत राहिली? दाबा, आम्ही निघालो.'

"काय गं, अशी काय पांढरी पडलीस?" आत्याने विचारलं.

"आत्या, हे वाक्य माझं आहे."

४

चकचकीतच्या दुकानाला काचेचं दार आहे, ते आपोआप उघडतं. किल्लीच्या दुकानाला किल्ली नसलेलं दार, यावरून मी त्याला पूर्वी खूप हसले होते. आत कुलपं काचेखाली दिव्यांच्या उजेडात मांडलेली होती, दागिन्यांसारखी. आत्या काउंटरच्या आत जाऊन त्याच्या फिरत्या खुर्चीत बसली आणि स्वतःभोवती एक गिरकीही घेतली.

"ताई, तुम्ही?" चकचकीत मला म्हणाला. "अभिनंदन बरं का! तुमची नवी जागा कुठे आहे?"

"कसली नवी जागा?"

"वाचलं की मी. वर लाल अक्षरांत बंद लिहिलंय, खाली लिहिलंय दुकान कायमचे वाढवले. म्हणजे जुनी जागा सोडली आणि मोठी घेतली, हो ना? खरं सांगतो, धसकाच घेतला मी. म्हटलं आता या बाई कायमच्या वाढल्या, आपलं काही खरं नाही."

मी त्याच्याकडे डोळे फाडून बघितलं. माणूस थट्टा करत नव्हता. मनापासून घाबरलेला होता.

"तुम्ही वाढवलं कशाला म्हणता?" आत्याने विचारलं.

"म्हणजे? मोठं केलं, विस्तार केला. दुसरं काय?"

"दुसरं काहीच नाही. तुमची वेबसाइट छान आहे हो. फोनवर अगदी सुटसुटीत. कुणी केली?"

त्याने सांगितलं. मला ठाऊक असलेलंच नाव होतं. माझ्या डोक्यात काहीतरी खटकन फिरलं, कुलपाचा दांडा सरकावा तसं.

"तुमच्याकडे होता ना पूर्वी?" चकचकीत म्हणाला. "हुशार आहे. मी त्याला म्हटलं, मला जवळच्या दुकानांत पहिला नंबर पाहिजे. तो म्हणाला महिन्याभरात देतो. आणि दिला की."

"कसा दिला?" मी विचारलं.

"ते काही मी विचारलं नाही."

हे वाक्य तो इतक्या सहज बोलला की मला त्याची काच फोडावीशी वाटली. खरं सांगते, साइटवाल्यापेक्षाही त्या क्षणी मला याचा राग आला. जगातली निम्मी वाईट कामं अशाच माणसांमुळे होतात, ज्यांना फळ हवं असतं आणि कसं ते विचारायचं नसतं. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं, शब्द जरा कमी शिष्टाचाराचे होते. आपोआप उघडणारं दार आपटता येत नाही, एवढंच काय ते दुःख.

"चला आता त्याच्याकडे," मी रस्त्यावर येऊन म्हटलं. "वाक्य चोरलं म्हणून आधी कान उपटते."

"वाक्य चोरलं म्हणून काही सिद्ध होत नाही," आत्या म्हणाली. "कामाचं वाक्य होतं, उशिरा का होईना त्याला पटलं. तो सहज म्हणेल की दुकान तुझ्या दादाने बंद केलं. शब्दही तुमच्या घरचाच आहे."

"मग?"

"मग त्याला मी जे विचारायचं ते विचारणार, आणि या खेपेला तू खरंच गप्प बसणार."

५

साइटवाल्याच्या खोलीत तीन मोठे पडदे होते आणि एकच चांगली खुर्ची. आत्या तिच्यात बसली.

"मॅडम, तुमच्या दुकानाचं कळलं, वाईट वाटलं," तो मला म्हणाला.

"कुठून कळलं?" आत्याने विचारलं.

"चौकात. लोक बोलतात."

"फोनवर पाहिलंस?"

"नाही हो काकू. मॅडमनी काम काढून घेतल्यापासून मी त्यांच्या पानाकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. मला दुसरी कामं आहेत."

"असतील ना. मी काही त्या कामासाठी आले नाही. शटरवर चिकटवायला एक कागद हवाय, जुन्या गिऱ्हाइकांसाठी. तुझ्याकडे छापून मिळेल म्हणून आले. माझा भाऊ फार हळवा आहे रे, बंद हा शब्द त्याला सोसत नाही. तू त्याच्याशी पुष्कळ बोललायस, त्याच्या भाषेत लिहून दे. दुकान कायमचं बंद झालंय एवढंच."

साइटवाल्याचा चेहरा सैल पडला. त्याने खुशीत कळफलक पुढे ओढला. "त्यात काय, काका म्हणतात ना, वाढवलं." त्याने टाइप केलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली:

'आमचे दुकान कायमचे वाढवले आहे.'

मग आत्याने माझा फोन त्या पडद्याशेजारी धरला.

"न पाहता बरोबर तेच लिहिलंस," ती म्हणाली.

"ते... साधं वाक्य आहे. कुणीही लिहील. तुमच्या घरचे असंच तर बोलतात!"

"नाही रे राजा. आमच्या घरचे असं बोलत नाहीत. तिथेच तू फसलास." आत्याने खुर्ची जवळ ओढली. ती हे अतिशय शांतपणे बोलत होती. "वाढवलं हे आम्ही का म्हणतो? उद्या पुन्हा उघडायचं असतं म्हणून. बंद म्हटलं तर कायमचं वाटेल, ते वाटू नये म्हणून हा शब्द. ज्याला उद्या आहे त्यालाच वाढवतात. कायमचं वाढवलं असं आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा म्हणणार नाही. हिच्या भावाला विचारलं, तो म्हणाला गुंडाळलं. चौकातल्या नव्या दुकानदाराला विचारलं, त्याला वाढवलं म्हणजे मोठं केलं एवढंच ठाऊक. मग हे वाक्य कोण लिहील? ज्याला या शब्दाचा अर्थ कुणीतरी तोंडी सांगितलाय, 'वाढवलं म्हणजे बंद केलं', आणि ज्याने बंदच्या जागी तो सरळ ठोकून दिला. असा माणूस जगात एकच आहे."

आणि त्याला तो अर्थ सांगितला होता मी.

"फोन आपोआप पण बंद दाखवतो," तो घाईने म्हणाला. "कुणीतरी खोटं कळवलं की होतं तसं!"

"वरचं लाल बंद होत असेल. खालचं आभाराचं पत्र आपोआप होत नाही. ते मालकाच्या नावाने आहे, आणि खातं तू उघडून दिलं होतंस. ठिणगे, याला हाकललंस तेव्हा याच्या यंत्रातून खातं काढून घेतलं होतंस?"

"पासवर्ड बदलला होता," मी म्हटलं.

"याचं नाव?"

खातं चालवणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव तसंच होतं. भाडेकरू गेला की कुलूप बदला, असं मी रोज लोकांना सांगते.

साइटवाला खाली बसायला गेला आणि त्याला आठवलं की खुर्चीत आत्या आहे. "मॅडम, यात वैयक्तिक काही नाही," तो म्हणाला. "त्यांना पहिला नंबर द्यायचा शब्द दिला होता. तुमच्या पानावर इतक्या वर्षांत लोकांनी लिहून ठेवलंय, कुणाचं दार उघडलंत, कुणाचं बाळ आत अडकलं होतं. त्यांच्याकडे तसं काहीच नाही. तुमच्या वर त्यांना नेताच येईना."

"म्हणून मला पुरलंस."

"काकांच्या भाषेत लिहिलं की तुम्हाला वाटेल घरातल्याच कुणी केलं. घरातल्या घरात मिटेल."

मिटेल! दादाचा चिरकलेला आवाज माझ्या कानात होता. मी साइटवाल्याला मारलं नाही, याचं श्रेय आत्याच्या हाताला द्यायला हवं, जो माझ्या मनगटावर होता.

"मी आत्ता परत उघडून देतो," तो म्हणाला. "फक्त कुठे बोलू नका."

"तू हात लावायचा नाहीस," मी म्हटलं. "माझं दुकान मी उघडीन. तू एकच कर. त्या खात्यातून स्वतःचं नाव काढ, आत्ता, माझ्यासमोर."

त्याने काढलं. मग त्याच्याच खोलीत उभं राहून मी माझ्या फोनवर लाल अक्षरं पुसली, ते पत्र पुसलं, आणि 'उघडे' यावर बोट दाबलं. त्यानंतर त्याच्या कंपनीचं पान शोधलं आणि घडलेलं सगळं माझ्या नावानिशी तिथे लिहिलं. तारा एकच दिला, कारण शून्य द्यायची सोय नाही.

"मॅडम, माझा धंदा बसेल!"

"बसू दे. तू त्याला वाढवलं म्हण."

६

दादाकडे पोचलो तेव्हा बाबा गॅलरीत बसले होते. औषधवाल्याचे कागद मांडीवर होते आणि चष्मा त्या कागदांवर. दादा दारातच भेटला. मी त्याला म्हटलं, "चुकले. तू नव्हतास." तो म्हणाला, "ते मला माहीत होतं," आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. त्याच्या हाताला प्लास्टरची धूळ होती, ती माझ्या केसांना लागली.

मी बाबांना सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, चकचकीतच्या अभिनंदनासकट. शेवटी मी फोन त्यांच्या हातात दिला, त्यावर आमचं नाव होतं आणि खाली हिरव्या अक्षरांत 'उघडे'.

त्यांनी तो मांडीवरच्या कागदांवर, चष्म्याशेजारी ठेवला.

"मी वाचलं होतं ते," बाबा म्हणाले. "पंधरवडा झाला असेल. शेजारच्या घरातल्या पोराने दाखवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तूच लिहिलंस."

मी दादावर संशय घेतला होता. दादाला वाटलं होतं बाबांनी केलं. आणि हे इथे गॅलरीत बसून पंधरा दिवस समजत होते की मी त्यांचं दुकान संपवलं आणि त्यांना सांगितलं नाही.

"बाबा, मी 'कायमचं वाढवलं' असं लिहीन?"

"ते खटकलं मला. चुकीचंच आहे." त्यांनी चष्मा उचलून पुसायला घेतला. "पण मी म्हटलं, पोरीला बंद हा शब्द लिहवला नसेल. माझ्यासाठी म्हणून तिने तो टाळला असेल. एवढी दमलीय आणि तरी माझा विचार करतेय. मग म्हटलं, आपणच जागा भाड्याने द्यायचं काढू. म्हणजे तुझ्यावर नाव यायला नको."

म्हणजे औषधवाला, ते कागद, रविवार, सगळं माझ्यासाठी होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, आणि मी दोन्ही लपवलं नाही.

"पंधरा दिवस बाबा! पंधरा दिवस मी तिकडे फोनची वाट बघत बसलेय आणि तुम्ही इथे मला माफ करत बसलात! एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं," बाबा म्हणाले, "आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

दादा कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत होता.

"आता विचारा," मी म्हटलं. "आत्ता, सगळ्यांसमोर विचारा."

बाबांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, नाकावर लोखंडाची काळी रेघ होती ती, केसांतलं प्लास्टर, सगळं.

"दमलीस का गं?"

"नाही," मी म्हटलं. "चिडलेय."

बाबांनी मान हलवली, मांडीवरचे कागद दादाच्या हातात दिले आणि औषधवाल्याला नाही सांगायला फोन लावला.